उंबराखाली ती, जांभळाखाली मी

जत्रेत आमच्याकडे तंबूतला सिनेमा यायचा आणि पडदा लावायचे तंबूच्या बरोबर मधोमध. पुढून पुरुष बघायचे, मागून बायका. नायक तोच, नायिका तीच, रडारडही तीच. फक्त बायकांना सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसायचं. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती, पण याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

त्या वर्षीचा सिनेमा शाळकरी प्रेमाचा होता. दोघं लपतछपत नदीच्या पायऱ्या उतरतात, डावीकडे वळतात आणि झाडाखाली बसून काहीच बोलत नाहीत. ते काहीच न बोलणं मी तीनदा बघितलं. मी सोळा वर्षांचा होतो, आणि वर्गातली एक मुलगी मला इतकी आवडायची की हजेरीत तिचा नंबर आला तरी माझे कान तापायचे. ती कासारवाडीच्या रेल्वे क्वार्टरमधून यायची. तिनेही तो सिनेमा पाहिलाय, एवढं मी मैत्रिणींशी चाललेल्या तिच्या बोलण्यातून टिपलं होतं.

एके दिवशी शाळेच्या माठाजवळ मी धाडस केलं. तिच्याकडे न बघता, माठालाच उद्देशून म्हणालो, "रविवारी चार वाजता. नदीच्या पायऱ्या. सिनेमातल्यासारखं."

तहान भागली असताना ती आणखी एक भांडं पाणी प्यायली. मला तेवढं पुरलं.

रविवारी वडिलांचा सदरा घालून, केसांवर पावशेर तेल थापून मी पायऱ्या उतरलो, डावीकडे वळलो आणि जांभळाखाली बसलो. चार वाजले. पाच वाजले. म्हशी आल्या, डुंबल्या, गेल्या. त्यातल्या एकीने माझ्याकडे फार समजूतदारपणे पाहिलं. दिवस कलल्यावर मी सायकल काढली.

सोमवारी माठाजवळ तीच आधी बोलली.

"मजा वाटली का रे?"

"मजा? दोन तास बसलो हुतो मी!"

"कुठं? मी उंबराखाली होते की."

"उंबर उजवीकडं हाय. सिनेमात डावीकडं वळत्यात!"

"उजवीकडं! डोळे फुटलेत का तुझे?"

डोळे शाबूत होते. डोक्यात उजेड पडला. मी हातवारे करून तंबू, पडदा, पुरुष, बायका असं सगळं नाटक तिच्यासमोर उभं केलं. ती आधी बघत राहिली, मग तोंडावर वही धरून खुदखुदली. मी जिंकलो होतो!

मग ती एकदम थांबली.

"उंबराखालून वरचा रस्ता दिसतो. तुला जाताना मी पाहिलं. मग शीळ का वाजवत होतास?"

रस्त्यावर ओळखीची माणसं होती. शीळ घातली नसती तर मी त्यांच्यादेखत रडलो असतो. एवढंच सांगायचं होतं. एरवी मी भुताच्या गोष्टी सांगून अख्ख्या आळीला झोपू द्यायचो नाही.

"सहजच," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि भांडं माठावर पालथं घालून गेली.

मॅट्रिकपर्यंत आम्ही एकाच वर्गात होतो. ती पुन्हा बोलली नाही. रागावलीही नव्हती, रागावली असती तर समजूत तरी काढली असती. परीक्षेनंतर तिच्या वडिलांची बदली झाली. त्या दिवशी मी कासारवाडीच्या फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. ती ट्रंका, वळकट्या मोजण्यात गुंतली होती. तिने वर पाहिलं नाही. गाडी सुटल्यावर फलाटावर स्टेशनमास्तर, कोंबड्यांची एक पाटी आणि मी एवढेच उरलो.