मोठीमाय उठली तेव्हा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की मी मोठीमायचं नाव घेतो. ती माझ्या नात्यातली नव्हती. देवरीपासून बरंच आत असलेल्या आमच्या गावात ती मुरमुरे भाजून विकायची, आणि लहानथोर सगळे तिला मोठीमायच म्हणायचे. तिचा हुकूम दोन शब्दांचा होता, "हालू नोको!" हे म्हणताना ती हाताचा पंजा खाली दाबायची, चिखलात धान रोवताना बाया दाबतात तसा.

तिचा नवरा जंगलात चौकीदार होता. निवृत्त झाल्यावर त्यानं रंगीत टीव्ही आणला आणि वर्षभरात तो वारला. टीव्ही राहिला. गावात दुसरा रंगीत टीव्ही नव्हता. त्यामुळं भारत-पाकिस्तानची मॅच म्हटली की अर्धं गाव मोठीमायच्या घरात.

क्रिकेट तिला कळत नव्हतं. पंचाला ती "टोपीवाला मास्तर" म्हणायची. "मास्तरनं बोट वर केलं का पोरगा घरी," एवढाच तिचा नियमांचा अभ्यास. पण मॅच जिंकायची कशी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपला खेळ जमायला लागला त्या वेळी जो जिथं बसला असेल, त्यानं तिथून उठायचं नाही.

"एकदा रोवलं का रोवलं. रोवलेलं धान रोज उपटून पाहासान तं जगन का?"

हसू नका. मॅच वाचवायला तुम्हीही कधी तरी एका कुशीवर तासभर पडून राहिला असाल.

पडद्यावर उजेड येतो म्हणून ती दार लावून घ्यायची आणि खिडकीवर पोतं टांगायची. स्वतः बसायची दाराला पाठ टेकून. म्हणजे कडी लावायची गरजच नाही. आत पंचवीस-तीस माणसं, घाम, बिडीचा वास आणि पितळी डब्यातले मुरमुरे. ती न उठता कोणी बाहेर जाऊ शकत नसे.

मी आठवीत होतो तेव्हाची ही गोष्ट. गोंदियाच्या एका निवासी शाळेत नववीला घेण्यासाठी परीक्षा होती. तिथं राहणं, जेवण, पुस्तकं सगळं मिळणार होतं. आमच्या घरात सातवीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. माझा थोरला भाऊ सातवीनंतर बाबांबरोबर तेंदूपत्त्याला जाऊ लागला होता, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून मीही जाणार, हे न बोलता ठरलेलं होतं. अर्जाचा शेवटचा दिवस शनिवार. मुख्याध्यापकांची सही मला त्याच दिवशी, सकाळची शाळा सुटताना मिळाली. पाचच्या आत अर्ज देवरीच्या कार्यालयात द्यायचा होता. बस अडीचला. तोवर थोडी मॅच पाहू, म्हणून मी अर्ज सदऱ्याच्या आत ठेवून मोठीमायकडं गेलो. ही माझी चूक.

आपले तीन गडी बाद झाले होते. भिंतीजवळ एक उलटं घमेलं होतं, त्यावर मी टेकलो आणि लागोपाठ दोन चौकार गेले.

"आता कोण बसला तिथं?" मोठीमायनं विचारलं.

"मी."

"मंग हालू नोको."

जोडी जमली. धावा होत गेल्या तसा मी त्या घमेल्यावर घट्ट होत गेलो. दोन वाजून गेल्यावर मी हळूच म्हणालो, "मोठीमाय, मुताले जाऊ?"

"धरून ठेव. देशासाठी येवढं नाही होत तुयाच्यानं?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं हसला तो ट्रॅक्टरवाला काका. मागच्याच आठवड्यात परीक्षेचं ऐकून तो मला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "काऊन बे, कलेक्टर बनून राहिला का?" त्याच्यासमोर पुन्हा अर्जाचं नाव काढायची माझी हिंमत होईना. आणि खरं सांगतो, मला स्वतःलाही वाटत होतं की मी उठलो तर विकेट जाईल. एकीकडं देश, एकीकडं अर्ज, आणि दाराला पाठ लावून बसलेली मोठीमाय.

इतक्यात बसचा हॉर्न वाजला. आमच्याकडं बस आधी वरच्या गावाला जाते आणि तिथून पंधरा मिनिटांत परत येते. नंतर बस नव्हती.

माझ्या सदऱ्यातला कागद वाजला.

"कमिजात काय वाजून राहिलं?" मोठीमायनं विचारलं.

मी अर्ज काढला. मोठीमायला वाचता येत नव्हतं. तिनं टीव्हीच्या उजेडात माझा चिकटवलेला फोटो पाहिला, शिक्का पाहिला.

"कधी द्याचा हाय?"

"आजच. देवरीले."

"सोमवारी दे," ट्रॅक्टरवाला काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

"सोमवारी घेत नाहीत."

"मंग आतावरी कायले नाही बोलला, पोट्ट्या?" मोठीमाय म्हणाली. तिनं एक चेंडू जाऊ दिला. दुसरा जाऊ दिला. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

एकच ओरडा झाला. "मोठीमाय, बस! बस खाली! तूच उठशीन तं कसं होईन?"

"पऱ्हे उपटल्याबिगर रोवणा होते का?" ती म्हणाली. पऱ्हे म्हणजे भाताची रोपं; वाफ्यातून उपटूनच ती शेतात रोवतात. मग तिनं दार उघडलं. इतका उजेड आला की मला काही दिसेना. तिनं माझं मनगट धरून मला रस्त्यावर आणलं आणि बस दिसताच ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. तेवढ्यात मागं घरातून तीस माणसांचा एकत्र "अरेरे" ऐकू आला.

मोठीमायनं मागं पाहिलं नाही. कंडक्टरला म्हणाली, "पोराले कचेरीजवळ उतरव, बापा." मग मला, "चढ."

साडेचारला माझा अर्ज घेतला गेला. पुढं निवड झाली. मॅच मात्र भारत हरला.

आता जे सांगतो ते लिहायला मला जड जातं. गावानं ती हार मोठीमायच्या नावावर लावली. आधी थट्टेत, मग थट्टा राहिली नाही. "तिचा पायच तसा," असं बोलू लागले. नवऱ्याच्या मरणाचाही उल्लेख व्हायचा. पुढच्या वर्षी ट्रॅक्टरवाल्या काकानं टीव्ही घेतला आणि सगळे तिकडं गेले. दिवाळीच्या सुटीत मी घरी होतो. मॅच लागली होती. मोठीमायचं दार सताड उघडं होतं. ती एकटी टीव्हीसमोर बसली होती, शेजारी मुरमुऱ्यांचा भरलेला डबा.

"ये ना गा," ती म्हणाली.

मी गेलो, पण पाच मिनिटांत उठलो. काकाच्या ओट्यावरून लोक पाहत होते. तिनं एकदाही म्हटलं नाही की मी तुझ्यापायी उठले.

बी.एस्सी. झालो तेव्हा मी तिला पत्र लिहिलं. मोठीमाय आता नाही. पत्राची कच्ची प्रत माझ्याकडं आहे, ती अशी:

मोठीमायला सविनय जयभीम.

मी पास झालो. आपल्या गावातून बी.एस्सी. झालेला मी पहिलाच, असं सर म्हणाले. हे पत्र पोस्टमन काकांकडून ओट्यावर वाचून घे, आणि मोठ्यानं वाचायला सांग.

मोठीमाय, मी विज्ञान शिकलो. इथं कोणी उठल्यानं तिकडं विकेट पडत नाही, हे मला माहीत आहे. पण गावाला ते पटणार नाही, म्हणून गावाच्या हिशेबानं सांगतो. त्या दिवशी हॉर्न वाजला तेव्हाच मी घमेल्यावरून उठलो होतो. वीतभरच, पण उठलो होतो. म्हणून कागद वाजला. अंधारात कोणाला दिसलं नाही आणि मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

जागा आधी मी सोडली. तू फक्त दार उघडलंस.