उपास कधी सोडायचा

सासूबाईंच्या छातीतली गाठ काढली त्या वर्षी दवाखान्याच्या फेऱ्या इतक्या झाल्या, की डॉक्टरांनी एकदा जाता जाता माझीही शुगर तपासली. काठावर होती. "सात-आठ किलो उतरवा, गोळी लागणार नाही," ते म्हणाले. मी मान हलवली. त्या दिवसांत मी सगळ्यालाच मान हलवत होते.

डाएट वगैरे आमच्या घरात चाललं नसतं. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत कोणी जेवायला नको म्हटलं की सासूबाई आधी आग्रह करतात, मग रुसतात. पण "उपास आहे" म्हटलं की त्यांचा हात जागच्या जागी थांबतो. म्हणून मी आधी गुरुवार धरला, मग सोमवार, मग शनिवार. मधे चतुर्थी, एकादशी होत्याच. आमच्याकडचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वरी, दाण्याची आमटी आणि वर बटाट्याचा कीस. त्याने माणूस फुगतोच. मी "फक्त ताक" म्हणायला शिकले. घरात माझा मान वाढला, हे विशेष.

सात-आठ किलो उतरले. डॉक्टर म्हणाले, "झालं, आता इथेच थांबा." थांबायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उतरायची सवय लागली होती. सकाळी काट्यावर उभं राहायचं, आकडा कालच्यापेक्षा कमी दिसला की कामाला लागायचं. आनंद होत होता असं नाही. दात घासल्यासारखं होतं ते.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या होलसेल दुकानात मी बिलिंगला बसते. आमच्या सिंधी शेठाणी भलत्याच खूश होत्या. "क्या बात है, एकदम कॉलेज की लड़की लगती हो! खाती क्या हो?" "कुछ नहीं," मी खरं तेच सांगायचे आणि त्या हसायच्या. पुतळ्यावरची जीन्स काढून मला घालायला लावायच्या, गिऱ्हाईक बायकांना दाखवायच्या. पुढे तीही कमरेला ढगळ व्हायला लागली, तेव्हा त्यांचं कौतुक बंद झालं. एकदा हळूच विचारलं, "घर में सब ठीक है ना?" मी ठीक म्हटलं. ठीकच होतं की.

केस कंगव्यात येत होते. पाळी बंद झाली. चाळिशीही अजून गाठली नव्हती मी. ऐन मे महिन्यात पंख्याखाली थंडी वाजायची. एकदा स्टेशनच्या पुलावर डोळ्यांपुढे अंधार आला, कठडा धरून उभी राहिले, आणि अंधार गेल्यावर पहिला विचार आला तो उद्या काट्यावर किती भरेल याचा. नवरा म्हणाला, "बास कर ना आता. हाडं दिसायला लागली." मी म्हटलं, "उपास मधेच सोडतात का?" देवाचं नाव मधे आलं की हा माणूस गप्प बसतो. हे असंच चाललं तर आपण अंथरूण धरणार, कदाचित उठणारही नाही, हे मला कळत होतं. घाबरायला हवं होतं. भीती काही वाटत नव्हती.

मग सासूबाईंचे रिपोर्ट आले, अगदी चांगले. "बरं झालं," मी कपडे वाळत घालता घालता म्हटलं. आत काही हललं नाही. दुसऱ्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आता तुझ्या उपासांचं उद्यापन करायचं. व्रत नुसतं धरून भागत नाही, रीतसर सोडावं लागतं."

"दुकानात सीझन आहे, आई."

"तुझा सीझन गेला खड्ड्यात," त्या म्हणाल्या आणि बिल्डिंगमधल्या पाच सवाष्णींना जेवायला सांगून आल्या.

पाचजणी जेवल्या. मी वाढत होते. निघताना ओटी भरून घेता घेता वरच्या मजल्यावरच्या काकू सासूबाईंना म्हणाल्या, "नशीब काढलंत हो. सासू बरी व्हावी म्हणून सून एवढे कडक उपास करते, कुठे बघायला मिळतं आजकाल?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. म्हणजे हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. मलाच नव्हतं.

बायका गेल्यावर सासूबाईंनी माझं पान वाढलं. पुरणपोळी, तूप, कटाची आमटी. समोर बसल्या. "मी बरी झाले गं. आता सोड."

मी पोळीकडे बघत राहिले. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. म्हटलं, "आई, ते उपास मी तुमच्यासाठी नव्हते करत."

"माहितीये मला." त्यांनी पोळीवर आणखी तूप सोडलं. "मी काय दूधखुळी आहे? माझ्यासाठी केले असतेस तर रिपोर्ट बघून हसली असतीस. बायका विचारायला लागल्या, सुनेला झालंय काय म्हणून. मग मी तसं सांगत सुटले."

मी तुपाची वाटी बाजूला सरकवली.

"मग कोणासाठी करत होतीस? नाव सांग. मी जाऊन सांगते त्याला, पोरीला सोड म्हणून."

मी खरंच आठवून बघितलं. नवऱ्यासाठी नाही, शेठाणींसाठी नाही, डॉक्टरांसाठी तर नाहीच. स्वतःसाठी म्हणावं, तर त्या स्वतःला मी कित्येक महिन्यांत विचारलंही नव्हतं. एक नाव सुचेना. रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. फार एकटं वाटलं, एवढं मात्र खरं.

सासूबाईंनी पोळीचा घास मोडला आणि माझ्या तोंडासमोर धरला. ऑपरेशनच्या बाजूचा हात होता तो, त्यांना फार वेळ वर धरता येत नाही. तरी त्या धरून बसल्या. मला भूक नव्हती. मी तोंड उघडलं, तो हात खाली यावा एवढ्यासाठी.