कुठली चिठ्ठी उचलाल, मावशी?

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला नीट येत नाही. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर तेवढं सांभाळून घ्यावं. चौथीनंतर मी लिहिलं ते फक्त डब्यांवर. पण करंजाड्याला मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करायचे त्या मॅडमबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. त्यांना जे तोंडाने सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही.

मॅडमना एक सवय होती. कोणतीही नवीन वस्तू घरात आली की त्या विचारायच्या, "आणि हे कधी वापरायचं नाही?" मिक्सर विकणारा असो की औषधाच्या दुकानातला माणूस, कोणी सुटत नसे. मिक्सरवाला एकदा वैतागून म्हणाला, "मॅडम, आधी घ्या तरी!"

ही सवय माझ्यामुळे लागली असं त्या म्हणायच्या. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले त्या आठवड्यातच डब्यांवर कागद चिकटवले होते. एकावर लिहिलं होतं, 'जुना तांदूळ. रोजच्या भाताला. इडलीला भिजवायचा नाही.' आधीच्या घरी मी सुट्टीवर असताना कोणीतरी महागाचा तांदूळ इडलीला भिजवला आणि बोलणी मी खाल्ली, म्हणून. मॅडम हातात चहाचा कप घेऊन त्या डब्यापुढे उभ्या राहिल्या आणि हसायला लागल्या. "मावशी, तुम्ही तर माझंच काम करता. आणि माझ्यापेक्षा बरं करता."

त्यांचं काम मला हळूहळू कळलं. त्यांच्या कंपनीने एक यंत्र बनवलं होतं. ते मोबाईलवर गिऱ्हाइकाशी बोलायचं आणि काम स्वतःच करून टाकायचं. तारीख बदलायची, पावती पाठवायची, पैसे परत करायचे. प्रत्येक कामाला कॉम्प्युटरमध्ये वेगळं अवजार होतं. अशी शेकडो. यंत्राला अवजार दिसत नाही. अवजारावर चिकटवलेली चिठ्ठी तेवढी ते वाचतं, शोधतं आणि उचलतं. या चिठ्ठ्या मॅडम लिहायच्या. त्या इंग्रजीत असायच्या, पण मी पोळ्या लाटत असताना त्या मला मराठीत वाचून दाखवायच्या.

"आता तुम्ही यंत्र. गिऱ्हाईक म्हणतं, मला पावती मिळाली नाही. कुठली चिठ्ठी उचलाल, मावशी?"

मी अडले की त्यांना आनंद व्हायचा. "बरं झालं अडलात! तुम्ही अडता, विचारता. ते अडत नाही हो. ते विचारत पण नाही. जे जवळचं वाटेल ते उचलतं आणि करून मोकळं होतं." मग त्या ती चिठ्ठी पुन्हा लिहायच्या आणि शेवटी 'हे कधी वापरायचं नाही' ती ओळ घालायच्या. आपल्या अडण्याचा कोणाला उपयोग होतो, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

एका सकाळी मॅडमचे डोळे सुजलेले होते. साताऱ्याला त्यांच्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं. फोन सारखा वाजत होता. तरी त्यांनी दोन चिठ्ठ्या वाचल्या. एक होती, 'विद्यार्थ्याने भरलेली फी परत करणे.' दुसरी, 'विद्यार्थ्याकडून आलेली जादा रक्कम परत करणे.' मला दोन्ही सारख्याच वाटल्या. पैसे परत करायचे, एवढंच कळलं. पण फोन पुन्हा वाजला, त्या उठल्या आणि उठता उठता म्हणाल्या, "कळलं ना, मावशी?"

मी म्हटलं, "हो."

शाळेतही मी असंच करायचे. गुरुजींनी विचारलं की मान हलवायची.

पुढे माझ्या सुजाताची बारावी झाली. तुर्भ्याला एक नर्सिंगची संस्था आहे, फी बेताची आहे, हे मॅडमनीच सांगितलं. त्यांच्या कंपनीचं यंत्र तिथे बसवलं होतं, म्हणून त्यांना माहीत. प्रवेश मिळाला त्या दिवशी मॅडमनी पेढे आणले. फी भरताना माझा मोबाईल अडकला. मी दोनदा बटण दाबलं आणि फी दोनदा गेली. सुजाताने संस्थेच्या यंत्राला लिहिलं, पैसे दोनदा गेले, परत करा. लगेच उत्तर आलं. फार गोड भाषा होती.

"आई, हे बघ ना! माझा प्रवेशच रद्द केला त्याने. मी तसं म्हटलंच नव्हतं गं!"

आम्ही तुर्भ्याला धावलो. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "सिस्टीममध्ये नाव नाय तुमचं. सीट वेटिंगवाल्याला गेली पण. मी तरी काय करू, मावशी? आता पुढच्या वर्षी बघा."

मॅडमनी सुजाताच्या मोबाईलवर सगळं वाचलं आणि खाली बसल्या. त्या सकाळी वाचलेल्या दोनांतली पहिली चिठ्ठी प्रवेश रद्द करणाऱ्यांसाठी होती. ती वापरली की आधी प्रवेश जायचा, मग फी परत. "ते मी लिहिलंच नाही. 'कधी नाही' ची ओळच राहिली, मावशी. माझ्या हातून झालं."

तीन दिवस त्या फोन करत होत्या. कंपनी म्हणे संस्थेला विचारा, संस्था म्हणे कंपनीला विचारा. "मी नुसत्या चिठ्ठ्या लिहिते हो," त्या म्हणाल्या, "अवजारांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे नाही." आणि ओट्याला टेकून रडल्या. मला सांगायचं होतं, मॅडम, त्या दिवशी मला कळलं नव्हतं, मी उगाच हो म्हटलं. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा "चहा ठेवू का?" एवढंच आलं.

आईसाठी नोकरी सोडून त्या साताऱ्याला निघाल्या. सामान टेम्पोत चढत होतं, तेव्हा त्यांनी लॅपटॉप उघडून नवीन चिठ्ठी वाचली. "'फी चुकून दोनदा भरली गेली असेल तर फक्त जादाची रक्कम परत करणे. प्रवेश तसाच राहतो. प्रवेश रद्द करायचा असेल तर हे वापरू नये.' कळलं, मावशी?"

"कळलं," मी म्हटलं. या वेळी खरंच कळलं होतं.

डबे त्या बरोबर घेऊन गेल्या, माझ्या कागदांसकट.

पंधरा दिवसांनी मी दुसऱ्या घरी भाजी चिरत असताना सुजाताचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. रद्द झालेल्या प्रवेशाचे पैसे खात्यात आल्याचा बँकेचा मेसेज होता. आम्ही मागितली होती एकच फी. यंत्राने दोन्ही परत पाठवल्या होत्या, एक रुपयासुद्धा कमी नाही.