चाचांचे थेंब

मला काचबिंदू आहे. साध्या थेंबांतल्या प्रिझर्व्हेटिव्हने माझे डोळे सुजतात, म्हणून तो नसलेले थेंब मी सोलापुरात आमच्या पेठेतल्या मेडिकलमधून घेतो. तिथले चाचा खोका अगदी नाकाजवळ धरून तारीख वाचतात आणि दर वेळी विचारतात, "थेंब चुकवत न्हाय की?"

परवा माल आलाच नव्हता. माझी शेवटची कुपी सकाळीच संपली होती. गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

चाचांनी कपाटातून अर्धा खोका काढला. "न्या. माझा हाय."

"तुम्हालाही काचबिंदू?"

"व्हय. माल येईपर्यंत मी साधे घालतो. लई जळतं, पण भागंल."

नको म्हणायला हवं होतं. मी खोका खिशात घातला आणि त्यांच्याकडे न पाहता बाहेर पडलो.