मामांनी माझ्या गळ्यावर दिलेला निकाल

माघातली पहिली एकादशी, शुक्रवार. दाढी केली नाही; जबाबदार, आमच्या घराण्याचा नेम. त्यानंतरचा रविवार, सकाळ. गळा सोलून निघाला; जबाबदार, तेव्हाच्या माझ्या समजुतीनुसार, ब्लेड विकणारा दुकानदार आणि अंगणातली बोअर. तोच रविवार, दुपार. माझ्या मुलीला पाहायला पिंगळीचे पाहुणे आले आणि मुलाच्या मामांनी पोह्यांपेक्षा माझ्या गळ्याकडेच अधिक लक्ष दिले. जबाबदार, ते स्वतः. मंगळवार. मध्यस्थामार्फत निरोप आला: मुलगी पसंत आहे, परंतु वडिलांच्या गळ्यावर जे लाल उठले आहे ते रक्तातले तर नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय बोलणी पुढे सरकणार नाहीत. हा संशय मामांनी परभणीच्या बसस्थानकाबाहेर, चहाच्या टपरीवर, चारचौघांत बोलून दाखवला होता, हेही मध्यस्थाने सांगून टाकले.

जिंतूरच्या न्यायालयात माझी हयात लिपिक म्हणून गेली. आरोप ऐकला की पुरावा मागायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मी प्रथम दुकानदाराला नोंदणीकृत टपालाने पत्र धाडले: ब्लेड बनावट असल्याचा दाट संशय आहे, खुलासा करावा. पत्र हातात घेऊनच तो घरी आला.

"साहेब, हेच ब्लेड सगळं गाव वापरायलंय. बाकीच्यांचे गळे शाबूत हायेत."

एवढे बोलून तो पाणीसुद्धा न घेता निघून गेला. त्याचे ते न घेणे मला अधिकच संशयास्पद वाटले.

त्यानंतर मी बोअरच्या पाण्याकडे वळलो. ते इतके जड, की साबण फेसाळण्याऐवजी वाटीतच फाटतो. मग तुरटी. खडा परस्पर बदलला काय, असे पत्नीला मी इतक्या वेळा विचारले की भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अहो, आता तुरटीला बी पिंजऱ्यात उभी करा."

लग्न जिचे, ती मुलगी तोवर यात पडली नव्हती. ती शाळेत विज्ञान शिकवते. पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी तिने माझ्या आरशाशेजारी खुर्ची ओढली आणि रोजच्यासारखी दाढी करा, मी नुसती बघते, असे सांगितले. माझी रीत ठरलेली होती. अंघोळीपूर्वी, अंगणात, गार पाण्याने. फेस लावला की लगेच रेझर. आधी खाली, मग कातडी ताणून वर, मग पुन्हा वर, बोटाला खुंट लागेनासे होईपर्यंत. आमच्याकडे सोमवारी, गुरुवारी, शनिवारी आणि एकादशीला दाढी वर्ज्य. त्यामुळे मोकळ्या दिवशी तुंबलेली प्रकरणे निकाली काढावीत, तसा मी गळ्यावर तुटून पडत असे.

"बाबा, आजार असता तर तो कुठंही उठला असता," ती म्हणाली. "तुमचं लाल तिथंच आहे, जिथं रेझर उलटा फिरतो. आणि पाहुणे आले रविवारी. गुरुवार, एकादशी, शनिवार असे सलग तीन दिवस पाळून तुम्ही सगळ्यात जास्त जोर लावलात तोही त्याच रविवारी."

मग तिने माझेच बोट माझ्या गळ्यावरून फिरवायला लावले. डावीकडचे केस खाली जात होते. उजवीकडचे चक्क कानाकडे आडवे. माझ्याच गळ्याविषयीची ही बाब मला इतकी वर्षे ठाऊक नव्हती. मी दुसरा आरसा मागवून खात्री करून घेतली.

नवी पद्धत मी निषेध नोंदवून स्वीकारली. आधी अंघोळ. बोअरऐवजी पिण्याच्या जारमधले पाणी, कोमट करून. वर्तमानपत्राचे पहिले पान वाचून होईपर्यंत फेस चेहऱ्यावर तसाच ठेवायचा. रेझर दाबायचा नाही, त्याच्या वजनानेच चालू द्यायचा, केस जातील त्या दिशेने. दुसरा हात मारायचाच तर पुन्हा फेस लावून, आडवा. उलटा कधीच नाही. शेवटी गार पाणी; तुरटी टेकवायची, घासायची नाही. पहिल्या दिवशी हनुवटीखाली खुंट राहिले आणि मुलगी माझी समजूत काढते आहे, असा मला संशय आला. परंतु पुढच्या रविवारी लाली फिकटली, आणि महाशिवरात्रीला पत्नीने गळा उजेडात वळवून पाहिला, एकही डाग सापडला नाही, आणि ती चहा ठेवायला गेली.

दुकानदारावरचा आरोप मी त्याच दिवशी लेखी मागे घेतला. आता राहिले मामा. मध्यस्थ म्हणतो, झाले गेले सोडा, त्यांना आपण घरी बोलावून गळा दाखवू. माझ्या मुलीचे म्हणणे वेगळे आहे.

"होकार द्यायचा की नाही, ते मी ठरवीन. पण जिथं बोलले, तिथंच त्यांनी ते मागं घ्यावं."

माझी मागणी तीच आहे. घरातला, बंद दारामागचा खुलासा स्वीकारला जाणार नाही. मामांनी त्याच टपरीवर, त्याच माणसांसमोर, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर द्यावे: कोणत्या पुराव्यावर त्यांनी एका मुलीच्या रक्तावर शंका घेतली?