आईच्या पायांवरची आंघोळ

साउथहॅम्प्टनमध्ये मला मुलगा झाला, तेव्हा माझी आई साताऱ्याहून बाळंतपण करायला आली. व्हिजिटर व्हिसा, दोन बॅगा, त्यात कपडे कमी आणि डिंक, अळीव, खारीक जास्त. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, आणि बाथरूममध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. आई दारातच थांबली.

"अगं, हे लोक आंघोळ करतात ना?"

मग तिनेच तोडगा काढला. साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती सरळ रिकाम्या बाथटबमध्ये बसली, पाय लांब करून. बाळ पालथं तिच्या पायांवर. गरम पाण्याचा नळ एका टोकाला, गारचा दुसऱ्या, दोघांची भेटच नाही; म्हणून भांडी घासायच्या प्लास्टिकच्या टबात मी पाणी विसणून द्यायचे. आधी कोमट तेल, मग साय आणि डाळीचं पीठ. आई त्याच्याशी अखंड बोलायची.

"काय रे लबाडा, आजीला लाथा मारतोस? मार, मार. तुझी आई काही कमी नव्हती."

नंतर तव्यावर ओवा टाकून धुरी. धुराचा अलार्म कोकलायला लागला की नवरा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालायचा, आणि आम्ही तिघंही हसत सुटायचो. बाळ दुपार उलटेपर्यंत ढाराढूर झोपायचं, मीही झोपायचे. बाळ कसं वाढवावं याची माहितीपत्रकं दवाखान्याने दिली होती, ती न उघडता ड्रॉवरमध्ये गेली. आज मी स्वतः पत्रकं लिहिते आणि लोकांनी ती वाचावीत म्हणून त्यांच्या मागे लागते. पण खरं सांगायचं तर आई म्हणून मी सगळ्यात सुखी होते ती तेव्हाच, काहीही न वाचता.

एक दिवस हेल्थ व्हिजिटर आली, म्हणजे घरोघरी जाऊन बाळं तपासणारी नर्स. वजन करायला तिने नॅपी काढली आणि थांबली. बाळाच्या कमरेवर आणि ढुंगणावर निळसर डाग होते. आपल्याकडे कितीतरी पोरांना असतात, मोठी होता होता जातात, कुणी त्याचं काही मनावर घेत नाही.

"हे कशाने झालं?"

"जन्मापासून आहेत," मी म्हणाले. पण जन्मल्यावर हॉस्पिटलात कुणी तशी नोंद केलेली नव्हती.

"आंघोळ कोण घालतं?"

मी आईकडे हात केला. आपल्याविषयी विचारतायत एवढं आईला कळलं. तिला वाटलं, ही गोरी बाई शिकून घ्यायला आलीय. ती लगेच खाली गालिच्यावर बसली, पाय पसरले, बाळाला घेतलं आणि सगळं करून दाखवलं. पाठ चोळली, हातापायांच्या कैच्या केल्या, शेवटी दोन्ही पाय धरून क्षणभर उलटं केलं. बाळ खिदळत होतं.

"तिला म्हणावं, तुझ्या पोराला पण करून देईन," आई मला म्हणाली.

नर्सने पेनाला टोपण लावलं.

त्याच दिवशी आम्ही हॉस्पिटलात. तेवढ्याशा जिवाचे डोक्यापासून पायापर्यंत एक्स-रे, कुठे हाड मोडलंय का बघायला. मग कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, मुलांना घरात कुणी मारत नाही ना हे बघणाऱ्या खात्यातल्या दोघी घरी आल्या. मोठ्या डॉक्टरांचं मत येईपर्यंत आजीला बाळाबरोबर एकटं ठेवायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. मी दुभाष्या मागितला. "तुमचं इंग्लिश तर छान आहे की," म्हणाल्या. म्हणजे ते वाक्य माझ्या आईला मीच सांगायचं.

मी सांगितलं.

"म्हणजे मी त्याला मारलं, असं?"

"तसं नाही गं, आई."

"मग कसं?"

त्यानंतर मी बाथरूमला जाताना बाळाला बरोबर न्यायचे. नवरा कामावर गेला की घरात आम्ही दोघीच, आणि मी माझ्याच आईवर पहारा ठेवून. ती पाळण्याजवळून जायची ती हात मागे बांधून.

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं. आंध्रातले होते. त्यांनी डागांवर अंगठा दाबला, बाळ रडतंय का बघितलं आणि म्हणाले, "जन्मखुणा आहेत. माझ्या मुलीला पण होत्या." झालं! केस क्लोज. कौन्सिलने मला फोन करून सांगितलं. आईला कुणी काही सांगितलं नाही. ती कुणाच्या खिजगणतीतच नव्हती.

मी कडवट आहे असं लोक म्हणतात. आहे. मुलांना मारणारी माणसं असतात, तेव्हा तपासलंच पाहिजे. त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण आमच्यासारख्यांची बाळं तपासायला पाठवता, तर आमच्या बाळांची कातडी कशी असते हे आधी शिकवा की! आणि जिच्यावर संशय घेता, तिला तिच्या भाषेत निदान एक प्रश्न तरी विचारा. माझ्या पत्रकात आज एवढंच असतं, डागांच्या फोटोसकट. त्यात आई नसते.

डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी विसणलं, तेल कोमट केलं.

"आई, ये ना."

ती बाथरूमच्या दाराशी आली, पण आत पाऊल टाकलं नाही.

"तू घाल."

"मला नाही जमत गं. माझ्या हातून सटकेल तो."

"सटकत नाही. मान धर. अगं, मान!"

मी बाथटबमध्ये बसले, बाळाला पायांवर घेतलं. ते रडून लाल झालं. आई दारातून सांगत राहिली, पाणी आधी पायांवर घाल, कानात जाऊ देऊ नकोस. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले.

"डॉक्टर म्हणाले ना, काही नाही म्हणून?" मी ओरडलेच.

"ते म्हणाले गं," आई म्हणाली. "ती बाई कुठे म्हणाली?"

व्हिसा संपेपर्यंत ती राहिली. अळिवाचे लाडू केले, माझे केस विंचरले. बाळाला मी मांडीवर दिलं तरच घ्यायची, आणि मी उठायला लागले की माझ्या आधी उठून ते परत माझ्या हातात द्यायची.