चाचांचा दुसरा तलाव

मेलेला मासासुद्धा साफ केल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचा नाही, हा चाचांचा बाणा. इतरांनी त्याचं कौतुक केलं असतं. मी कपाळाला हात लावायचे.

रत्नागिरीकडचे चाचा आखातातल्या खाबुऱ्याच्या मत्स्यशेतीवर मुकादम होते. तिथले तिलापिया मासे मरायला लागले, की नमुने अल् खुवैरला माझ्या प्रयोगशाळेत यायचे. जिवाणू शोधायला मला माशाचा मेंदू आणि मूत्रपिंड हवं. चाचांचे मासे यायचे डोकं उडवून, पोट साफ करून, स्वच्छ धुऊन. फक्त हळद-मीठ लावायचं बाकी!

"चाचा, मला कालवण नाही करायचं!" मी फोनवर ओरडायचे.

"तसला घाण मासा बाईमाणसाच्या हातात कसा द्यायचा वो मॅडम? आमच्यात नाय देत."

पालथ्या घड्यावर पाणी. एकदा तिथल्या दोन तलावांत साथ आली, तेव्हा शेवटी पहिल्या तलावातले मासे अख्खे आले. दुसऱ्यातले फुगलेले, डोळे बाहेर आलेले. ते तसेच पाठवायची चाचांना लाज वाटली, म्हणून पुन्हा साफ करून. तेही दोनदा. माझं डोकंच फिरलं. पहिल्या तलावातल्या जिवाणूवरून मी दोन्हींचा अहवाल लिहून टाकला : एकच स्ट्रेन, एकच लस.

"दोन रोग हायत, मॅडम," चाचा म्हणाले. "पहिल्यातले गरगर फिरून मरतात. दुसऱ्यातले तळाला बसून ऱ्हातात."

"ते मी ठरवीन," मी म्हटलं. हे वाक्य आठवलं की आजही स्वतःचाच राग येतो.

लस टोचल्यावर पहिला तलाव सावरला, दुसरा जवळजवळ रिकामा झाला. मालकाने, म्हणजे तिथल्या अर्बाबने, चाचांनी लस नीट टोचली नाही असं ठरवलं आणि त्यांना घरी पाठवलं. मग कुठे मी स्वतः गाडी काढून खाबुऱ्याला गेले, दुसऱ्या तलावातले उरलेसुरले मासे आणले आणि दोन्ही जिवाणू शेजारी शेजारी ठेवून तपासले. स्ट्रेन वेगळे होते. चूक माझी होती. तसं मी अर्बाबला लिहून दिलं.

"माणूस गेला. खलास," तो म्हणाला.

मी रत्नागिरीला फोन लावला, सगळं सांगून माफी मागितली.

"माझं सोडा, मॅडम. दुसऱ्या तलावात नवी पिल्लं सोडली काय? मग आधी ती लस बदला. नायतर अजून एकाला घरी पाठवतील."

लस बदलली. चाचांना मात्र परत कुणी बोलावलं नाही.